ट्रिगरवर चालणारा अलार्म ५०० मिलिसेकंदांत पोचायला हवा: नियम कमिटच्या आत ठेवायचे की बाहेर?

सेटपॉइंट

पोस्टग्रेस १६ या डेटाबेसवर कारखान्याच्या देखरेखीची प्रणाली आहे. ६०० टॅग (मोजमापाचे बिंदू): तापमान, दाब, प्रवाह, व्हॉल्व्हची स्थिती. प्रत्येक टॅगचं वाचन दर २५० मिलिसेकंदांनी येतं. कलेक्टर (वाचनं गोळा करणारा प्रोग्राम) आठ कनेक्शनं धरून प्रत्येक वाचन वेगळ्या इन्सर्टने टाकतो आणि लगेच कमिट, म्हणजे पक्कं, करतो. पुढचं सगळं ट्रिगरवर (टेबल बदललं की आपोआप चालणाऱ्या कोडवर) आहे.

‘वाचन’ टेबलात रो आली की ‘सद्यस्थिती’मधली त्या टॅगची रो अपडेट होते. त्या अपडेटवरचा ट्रिगर मर्यादा तपासतो आणि ओलांडली असेल तर ‘अलार्म’मध्ये रो टाकतो. ‘अलार्म’वरचा ट्रिगर तीन कामं करतो: नोटिफाय (ऐकणाऱ्या कनेक्शनांना सूचना), त्या झोनची सरासरी पुन्हा काढणं आणि पाळीच्या नोंदवहीत ओळ टाकणं. ऑपरेटर स्क्रीनवर अलार्म ‘पाहिला’ असं दाबतो, तेव्हा ‘सद्यस्थिती’मधलाच एक कॉलम बदलतो.

अट एवढीच: मर्यादा ओलांडल्यापासून ५०० मिलिसेकंदांत स्क्रीनवर अलार्म दिसला पाहिजे. मध्यक ४५ मिलिसेकंद आहे, ९९वा पर्सेंटाइल ४०० च्या आसपास. पण दिवसातून काही वेळा आकडा ३ ते ५ सेकंदांवर जातो. शिवाय नोंदवहीच्या ट्रिगरमध्ये एरर आली की अलार्म तर जातोच, मूळ वाचनही रोलबॅक (रद्द) होतं.

प्रश्न असे:
नियम त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांत) चालवावेत, कमिटच्या वेळी, की पूर्ण वेगळे?
सगळ्या टॅगना २५० मिलिसेकंद योग्य आहे का, आणि ते ठरवायचं कशावरून?
३ ते ५ सेकंदांचे झटके कुठून येत असतील?
की मुळात सामान्य डेटाबेसकडून ही अपेक्षाच चुकीची आहे?

---

रोलबॅक_राव

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. डेडलाइन चुकली तर काय होतं, यावरून ती तीन प्रकारची. चुकली तर यंत्र फुटतं किंवा माणूस दगावतो, ती हार्ड. चुकल्यावर निकालाची किंमत शून्य होते पण नुकसान होत नाही, ती फर्म. उशिराने मिळालेलाही निकाल थोडाफार कामाचा असतो, ती सॉफ्ट. हार्ड असेल तर ट्रिप (यंत्र आपोआप बंद करणं) पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, किंवा सेफ्टी रिलेतच हवी. डेटाबेसला फक्त ‘ट्रिप झाली’ एवढं कळवायचं. त्याबद्दल चर्चा नको. तुमचा अलार्म ऑपरेटरसाठी आहे, म्हणजे फर्म किंवा सॉफ्ट. ते पोस्टग्रेसवर जमतं, पण आत्ताच्या रचनेत नाही.

आता ‘५०० मिलिसेकंद’ कुठून कुठपर्यंत ते लिहून काढा. तुमचे ४५ हे बहुतेक इन्सर्टपासून मोजलेले असणार. प्रक्रियेत दाब चढला तो क्षण वाचनानंतर एका मिलिसेकंदाने आला, तर पुढच्या वाचनापर्यंत २४९ मिलिसेकंद कुणालाच काही कळत नाही. सर्वात वाईट हिशोब साधारण असा मांडायचा (आकडे नमुन्याचे, आपले मोजून घाला):

वाचनाची वाट: २५०
स्कॅन आणि नेटवर्क: ३०
इन्सर्ट आणि सद्यस्थिती: २५
नियमांची तपासणी: १०
कमिट, डिस्कची शेपटी (तिचा अधूनमधून होणारा उशीर) धरून: ४०
वर्करला (नंतरची कामं करणाऱ्या प्रोग्रामला) जाग येणं: १५
स्क्रीन रंगवणं: ४०

बेरीज ४१०. उरले ९०. म्हणजे नियमात कुणी एक साधी जॉइन वाढवली तरी काठावर. नियमाचा वेळ हा मूळ ट्रान्झॅक्शनच्या डेडलाइनमधूनच कापला जातो, हे लोक विसरतात. ट्रिगर लिहिताना तो ‘फुकट’ वाटतो.

घटना, अट आणि कृती यांचं एकमेकांशी जोडणं तीन प्रकारे होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी हायपॅक या संशोधन प्रकल्पाने ही मांडणी केली आणि अजून तीच वापरात आहे. तत्काळ: घटना घडली तिथेच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. विलंबित: त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पण कमिटच्या अगदी आधी. विलग: वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. कुठला प्रकार घ्यायचा हा शैलीचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. तत्काळ आणि विलंबित या दोन्हींत कृती अडखळली तर मूळ ट्रान्झॅक्शन अडखळतं, कृती पडली तर तेही पडतं. तुमचं वाचन नोंदवहीपायी बुडतं ते यामुळेच.

तुमच्या साखळीची वाटणी मी अशी करीन:

मर्यादेची तपासणी आणि ‘अलार्म’मधली रो: तत्काळ. वाचन आहे पण अलार्म नाही, अशी अवस्था कधीच दिसू नये म्हणून.
झोनची सरासरी: विलग.
नोंदवही: विलग, आणि डेडलाइन नाही.
स्क्रीनला कळवणं: विलग.

विलंबित इथे कशालाच नको. पोस्टग्रेसमध्ये ते डिफरेबल कन्स्ट्रेंट ट्रिगरने करता येतं, पण तो रो-पातळीवरच चालतो आणि ट्रान्झिशन टेबल (एका स्टेटमेंटने बदललेल्या सगळ्या रोंची यादी) त्यात मिळत नाही. शिवाय सगळं काम कमिटपाशी गोळा होतं, म्हणजे ट्रान्झॅक्शनला किती वेळ लागणार हे अगदी शेवटी कळतं. डेडलाइन असलेल्या कामात यासारखी गैरसोय नाही.

दुसरं म्हणजे रो-ट्रिगर (प्रत्येक रोसाठी वेगळा चालणारा) काढा. ६०० टॅग, सेकंदाला ४ वेळा, म्हणजे २,४०० कमिट. कलेक्टरने एका फेरीची सगळी वाचनं एकाच इन्सर्टमध्ये द्यावीत आणि ‘सद्यस्थिती’चा अपडेट व मर्यादेची तपासणी एका स्टेटमेंट-ट्रिगरने, ट्रान्झिशन टेबलवर जॉइन करून व्हावी. एका फेरीला ६०० ऐवजी एक कमिट. हे टेबलांची रचना न बदलता होतं आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

विलग भागासाठी ‘काम’ नावाचं रांगेचं टेबल करा: कामाचा प्रकार, टॅग, डेडलाइन, स्थिती. अलार्मच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तिथे रो टाकायची आणि शेवटी एकच नोटिफाय. नोटिफाय ही फक्त दारावरची घंटा. ऐकणारं कनेक्शन त्या क्षणी तुटलेलं असेल तर ती वाजून गेली, परत वाजत नाही. खरी नोंद टेबलात. म्हणून वर्करने घंटेवर उठायचंच, पण दर १०० मिलिसेकंदांनी रांगही बघायची. न झालेल्या कामांवर पार्शल इंडेक्स असेल तर ही क्वेरी जवळपास फुकट पडते.

आणि प्रत्येक वाचनावर नोटिफाय असेल तर तो आजच बंद करा. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोटिफाय आहे त्या सगळ्यांना कमिटच्या वेळी एकच सामाईक लॉक घ्यावा लागतो, म्हणजे त्यांची कमिटं एकामागून एक होतात. आठ कनेक्शनं उघडून उपयोग शून्य.

---

वैधता_काळ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सगळ्या टॅगना एकच कालावधी हे जवळपास नेहमीच चुकीचं असतं, आणि तो कालावधी ‘यंत्रणेला जमतो म्हणून’ ठरवलेला असतो. उलट दिशेने चला: हे मूल्य किती वेळ खरं मानायचं? रिअल-टाइम डेटाबेसच्या भाषेत याला निरपेक्ष वैधता-काळ म्हणतात.

भट्टीच्या भिंतीचं तापमान जास्तीत जास्त ०.५ अंश प्रति सेकंद बदलतं आणि तुम्हाला १ अंशाची चूक चालते, तर वैधता-काळ २ सेकंद. यावरून वाचनाचा कालावधी काढायच्या दोन पद्धती आहेत. सोपी पद्धत ‘निम्मा-निम्मा’: कालावधी = वैधता-काळाच्या निम्मा, म्हणजे १ सेकंद. निम्मा का? एका कालखंडाच्या सुरुवातीलाच वाचन घेतलं आणि पुढचं वाचन त्याच्या कालखंडाच्या अगदी शेवटी डेटाबेसात उतरलं, तर मधलं अंतर दोन कालावधींचं होतं. तेवढ्या वेळात जुनं मूल्य शिळं होता कामा नये.

दुसरी पद्धत ‘अधिक-उणे’: कालावधी वाढवा, पण प्रत्येक अपडेटची डेडलाइन कमी करा. अट अशी की कालावधी + डेडलाइन ही बेरीज वैधता-काळापेक्षा जास्त नको, आणि डेडलाइन कालावधीपेक्षा मोठी नको. वरच्या उदाहरणात अपडेट २०० मिलिसेकंदांत नक्की उतरत असेल तर कालावधी १.८ सेकंद चालतो. ताजेपणाची हमी तीच, वाचनं ४४ टक्क्यांनी कमी. अर्थात ते २०० खरोखर पाळले गेले पाहिजेत, आणि त्यात सगळ्या टॅगांचे अपडेट एकत्र मावले पाहिजेत. सरासरीवर भागत नाही.

समजा ४० टॅग खरोखर घाईचे निघाले. त्यांना १०० मिलिसेकंद द्या, उरलेल्या ५६० ना १ सेकंद. सेकंदाला ४०० + ५६० = ९६० वाचनं. आत्ता २,४०० आहेत. आणि घाईच्या टॅगसाठी रोलबॅक_राव यांच्या हिशोबातले पहिले २५० उतरून १०० होतात, म्हणजे बेरीज २६०. भार कमी होतो आणि डेडलाइनही सैल होते. ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे, आणि ती डेटाबेसच्या बाहेर आहे.

सापेक्ष वैधता (मूल्यं एकमेकांच्या किती जवळच्या वेळची आहेत) त्याहून जास्त फसवते. झोनची सरासरी किंवा दाब-तापमानावरून काढलेलं काहीही घ्या. तापमान १०:००:००.१०० चं, दाब १०:००:००.४८० चा. दोन्ही स्वतंत्रपणे ताजे आहेत, पण एकमेकांपासून ३८० मिलिसेकंद लांब. या जोडीसाठी २०० ची मर्यादा असेल तर यांच्यावरून काढलेलं मूल्य हे कधीच अस्तित्वात नसलेल्या अवस्थेचं मूल्य आहे. चढत्या दाबात यावरून खोटे अलार्म येतात, आणि ते पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत, म्हणून महिनोन्‌महिने सापडत नाहीत.

यासाठी नियम साधे आहेत. वेळेचा शिक्का सेन्सरपाशी किंवा पीएलसीत मारलेला हवा, इन्सर्टच्या वेळचा नको. कलेक्टर आणि पीएलसी यांची घड्याळं जुळलेली हवीत. काढलेल्या मूल्याला त्याच्या घटकांपैकी सर्वात जुन्याचा शिक्का द्यायचा, गणना केली त्या वेळेचा नाही. आणि पोस्टग्रेसमध्ये नाऊ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नाही. बॅचमध्ये ४०० मिलिसेकंद लॉकची वाट पाहिली तरी नाऊ जुनंच सांगणार. डेडलाइन उलटली का हे तपासायला क्लॉक_टाइमस्टॅम्प वापरा.

एक गोष्ट प्रश्नात नाही, पण असायला हवी होती: सेन्सर गप्प झाला तर? ट्रिगर घटनेवर उठतो. वाचन न येणं ही घटना नाही, तिथे काहीच घडत नाही, म्हणून कुठलाही ट्रिगर उठत नाही आणि स्क्रीनवर शेवटचं निरोगी मूल्य तसंच हिरवं दिसत राहतं. याला वेगळा टायमर लागतो: ‘सद्यस्थिती’मध्ये शिक्का + वैधता-काळ आत्ताच्या वेळेच्या मागे पडला की ते मूल्य ‘शिळं’ म्हणून रंगवायचं आणि त्याचाही अलार्म द्यायचा. वर्कर दर १०० मिलिसेकंदांनी रांग बघतोच आहे, तिथेच ही ६०० रोंची तपासणी बसवा. मर्यादेच्या अलार्मपेक्षा हा महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

---

उलट_प्राधान्य

झटक्यांबद्दल. पहिला संशयित तुम्ही स्वतःच सांगितला आहे: ऑपरेटरची ‘पाहिला’ची खूण आणि कलेक्टरचा अपडेट एकाच रोवर आहेत. स्क्रीनच्या कोडने ट्रान्झॅक्शन उघडलं, रो अपडेट केली आणि कमिटआधी डायलॉग दाखवला किंवा दुसरीकडून उत्तराची वाट पाहिली, की कलेक्टर त्या रोच्या लॉकवर उभा. घाईचं काम बिनघाईच्या कामामागे अडकतं. प्राधान्य उलटं होण्याचं हे शुद्ध उदाहरण. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता, त्यामागेही हेच होतं. तिथे लॉकवर प्राधान्य-वारसा चालू करून सुटका झाली.

रिअल-टाइम डेटाबेसात याची दोन उत्तरं आहेत. एक, लॉक धरून बसलेल्याचं प्राधान्य कमी असेल तर त्याला सरळ अबॉर्ट करा आणि लॉक घाईच्याला द्या. दोन, धरणाऱ्याला तात्पुरतं वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य द्या म्हणजे तो लवकर आटपेल. पहिल्यात केलेलं काम वाया जातं, दुसऱ्यात त्याचं उरलेलं काम संपेपर्यंत थांबावं लागतं. डेटाबेसातल्या फर्म डेडलाइनसाठी पहिलं सहसा बरं, कारण धरणारा माणसाच्या बोटाची वाट पाहत असेल तर त्याचं प्राधान्य कितीही वाढवा, बोट लवकर हलत नाही.

पोस्टग्रेसच्या लॉकना प्राधान्यच माहीत नाही. जो आधी आला तो आधी. म्हणून हे हाताने करावं लागतं:

‘पाहिला’ची खूण वेगळ्या टेबलात न्या. माणूस आणि कलेक्टर एका रोवर कधीच भेटू नयेत. हे केलंत तर खालचं बरंचसं लागणारही नाही.

स्क्रीनच्या रोलवर आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट २ सेकंद ठेवा. लक्षात घ्या, हा फक्त रिकाम्या बसलेल्यांना मारतो, चालू क्वेरीला नाही. तिच्यासाठी स्टेटमेंट_टाइमआउट वेगळा. संपूर्ण ट्रान्झॅक्शनला बांधणारा ट्रान्झॅक्शन_टाइमआउट आवृत्ती १७ पासून आहे, तुमच्या १६ मध्ये नाही.

कलेक्टरच्या रोलवर लॉक_टाइमआउट ५० मिलिसेकंद. तो लागला की अख्खी बॅच पडते, त्यामुळे पुढे काय हे आधी ठरवा. ‘सद्यस्थिती’साठी तीच बॅच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, तोवर पुढची फेरी आलेली असते. पण इतिहासात खड्डा नको असेल तर इतिहासाची वाट वेगळी करा: ट्रिगर नसलेल्या टेबलात दर ५ सेकंदांनी कॉपी कमांडने घाऊक भरणा. मग घाईच्या वाटेवर फक्त ६०० रोंचं छोटं टेबल आणि अलार्म उरतात.

कुणी काम चालू असताना ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवत असेल तर तेही पाहा. एखादी लांब सिलेक्ट चालू असली की ऑल्टर तिच्या मागे थांबतो, आणि ऑल्टरच्या मागे नंतर आलेले सगळे, अगदी साधे सिलेक्टसुद्धा. बाहेरून वाटतं की डेटाबेस गोठला. स्कीमा बदलणाऱ्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट लावल्याशिवाय ऑल्टर चालवायचाच नाही.

दुसरा संशयित साफसफाई. ‘सद्यस्थिती’मध्ये सेकंदाला २,४०० अपडेट, म्हणजे तेवढ्याच मृत आवृत्त्या (मागे राहिलेल्या जुन्या रो), मिनिटाला १,४४,०००. ऑटोव्हॅक्यूम त्या उचलतो, पण एखादं ट्रान्झॅक्शन तासभर उघडं राहिलं (रिपोर्ट, बॅकअप, विसरलेली सेशन) तर त्या काळातल्या ८६ लाख ४० हजार आवृत्त्या उचलताच येत नाहीत. ६०० रोंचं टेबल शेकडो मेगाबाइटचं होतं आणि प्रत्येक शोध त्यातून चाळत जातो. उपाय: या टेबलाचा फिलफॅक्टर ५० करा (पानं अर्धीच भरा), आणि मूल्य किंवा शिक्का यांवर इंडेक्स अजिबात ठेवू नका. इंडेक्स असलेला कॉलम न बदलणारा अपडेट त्याच पानावर जागा मिळाली तर इंडेक्सला न शिवता होतो आणि त्याची घाण त्या पानावरच्या पुढच्या वाचना-लेखनात साफ होते. शिक्क्यावर ‘रिपोर्ट जलद व्हावा म्हणून’ इंडेक्स टाकला की ही सोय गेली. लांब रिपोर्ट प्रतिकृतीवर (डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) न्या, पण तिथे हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू असेल तर तिथलं लांब ट्रान्झॅक्शनही मूळ सर्व्हरची साफसफाई अडवतं.

तिसरा संशयित चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवणं. चेकपॉइंटनंतर प्रत्येक पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं वॅलमध्ये (बदलांच्या आधी लिहायच्या लॉगमध्ये) लिहिलं जातं, म्हणून चेकपॉइंट सुरू झाल्या झाल्या वॅलचा लोंढा येतो. मॅक्स_वॅल_साइज वाढवून चेकपॉइंट विरळ करा. बिनघाईच्या वाचनांसाठी सिंक्रोनस_कमिट ऑफ (डिस्कची वाट न पाहता कमिट) चालेल: सर्व्हर कोसळला तर वॅल_रायटर_डिलेच्या तिपटीपर्यंत, म्हणजे मूळ २०० वर जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांचा डेटा जाईल, पण टेबलं बिघडत नाहीत. अलार्मच्या ट्रान्झॅक्शनला मात्र तो ऑनच ठेवा. त्याचा कमिट डिस्कवर गेला की त्याआधीची वॅलही सोबत जाते.

कोण दोषी हे अंदाजाने ठरवू नका. लॉग_लॉक_वेट्स चालू करा आणि डेडलॉक_टाइमआउट काही दिवस २०० मिलिसेकंदांवर आणा, कारण त्यापेक्षा लांब वाटच फक्त लॉगमध्ये येते आणि मूळ मूल्य १ सेकंद असतं. लॉग_चेकपॉइंट्सच्या ओळी बाजूला ठेवा. झटका चालू असताना कोण अडवतंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्सला विचारा. झटक्याच्या वेळा यांतल्या एका रकान्याशी जुळतातच.

---

सेटपॉइंट

लॉग पाहिले. बहुतेक झटके ‘सद्यस्थिती’च्या रो-लॉकवर आहेत आणि धरणारी सेशन स्क्रीनची. दोन मात्र चेकपॉइंटला जुळतात. खूण वेगळ्या टेबलात नेतो आणि बॅच करतो.

वर्करबद्दल विचारायचं होतं. रांगेतून ‘डेडलाइनच्या क्रमाने, एक रो, फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ असं (दुसऱ्या वर्करने धरलेल्या रो वगळून) उचलायचं ठरवलं आहे, चार वर्कर. पण वीज गेली किंवा मुख्य पंप बंद पडला की २०० ते ३०० अलार्म एकदम येतात. तेव्हा हे टिकेल का? आणि काही अलार्म मर्यादेच्या आसपास सतत चालू-बंद होत राहतात, त्यांनीही रांग भरते.

---

लोंढा

नाही टिकणार, आणि कारण वर्करच्या संख्येत नाही. ३०० अलार्म, प्रत्येकी २० मिलिसेकंद, चार वर्कर: सगळे संपायला १,५०० मिलिसेकंद. ५०० च्या आत फार तर १०० होतात. उरलेले २०० कुठलाही क्रम लावलात तरी चुकणारच. प्रश्न एवढाच की कुठले चुकावेत.

जवळची डेडलाइन आधी हा क्रम भार पेलण्याजोगा असेपर्यंत उत्तम आहे. एका प्रोसेसरवर, एकमेकांवर न अडणाऱ्या आणि मध्येच थांबवता येणाऱ्या कामांसाठी तो १०० टक्के वापरापर्यंत सगळ्या डेडलाइन पाळतो, हे लियू आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्येच दाखवलं. पण भार क्षमतेबाहेर गेला की तोच क्रम सर्वात वाईट वागतो: जे काम आता होऊच शकत नाही, त्याची डेडलाइन सर्वात जवळ असते, म्हणून तेच आधी उचललं जातं. ते चुकतं, तोवर पुढच्याची वेळ भरत आलेली असते, तेही चुकतं. रांगेतली एकेक पडत जाते.

म्हणून उचलताना तीन गोष्टी घाला. पहिली, वर्ग: १ म्हणजे लगेच हात लागायला हवा, २ म्हणजे लक्ष ठेवा, ३ म्हणजे माहितीसाठी. क्रम आधी वर्गाने, मग डेडलाइनने. दुसरी, उचलताच तपासा: डेडलाइनला उरलेला वेळ त्या कामाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा कमी असेल तर काम करू नका, ‘उशीर’ अशी खूण करून सोडा. अलार्मची रो डेटाबेसात आहेच, ती यादीत दिसेल, फक्त झटपट झळकणार नाही. तिसरी, एकेक रो उचलू नका. वर्ग १ च्या ५० रो एकदम उचलून स्क्रीनला एकच संदेश द्या. २० मिलिसेकंदांतला बराचसा वेळ फेऱ्या आणि कमिट यांचाच असतो, त्यामुळे ५० चा गठ्ठा ५० पट वेळ घेत नाही. नोंदवहीचं काम या रांगेत ठेवूच नका, त्याला वेगळा वर्कर.

पंप बंद पडल्यावरचे ३०० अलार्म हे बहुधा एकाच कारणाची पिल्लं असतात. ‘पंप बंद’ आला की त्याच्या पुढच्या लाइनवरचे कमी-दाब, कमी-प्रवाहाचे अलार्म काही सेकंद दाबून ठेवायचा नियम लावा. ही संयुक्त घटना झाली, आणि त्यात दोन काळज्या. एकाच टॅगच्या अनेक घटना आल्या तर जोडीला कुठली घ्यायची हे ठरवा: सेन्सरच्या कामात जवळपास नेहमी शेवटची, क्रमाने सगळ्या जोडत बसू नका. आणि अर्धवट जुळलेल्या घटनांना मुदत घाला. ‘अ नंतर ब’ या नियमात ब कधी आलाच नाही तर अ साठतच जातात, आणि काही आठवड्यांनी प्रत्येक नवी घटना हजारो जुन्या अर्धवटांशी ताडून पाहिली जाते.

मर्यादेवर नाचणाऱ्यांसाठी चालू आणि बंद यांचे आकडे वेगळे ठेवा. १८० ला चढला की चालू, १७६ च्या खाली गेला की बंद. शिवाय ‘सलग दोन वाचनं’ अशी अट घालता येईल, पण ती १०० मिलिसेकंदांच्या टॅगवरच घाला. १ सेकंदाच्या टॅगवर तिने तुमची डेडलाइन एकटीने खाल्ली.

---

रोलबॅक_राव

याला एक जोड: नियम वाढत गेले की कुठला नियम कुठल्या टेबलात लिहितो आणि कुठला नियम त्या टेबलावर उठतो याचा कागदावर आलेख काढा. त्यात कुठेही वर्तुळ दिसलं तर तो संच कदाचित कधीच थांबणार नाही. वर्तुळ नसेल तर थांबणार हे नक्की. पीजी_ट्रिगर_डेप्थ (ट्रिगरमधून ट्रिगर किती खोल गेला) बघून खोलवर गेल्यावर परत फिरणं हे वर्तुळावरचं औषध नाही, तापाची गोळी आहे: साखळी तुटते, पण अर्धं काम झालेलं राहतं. एका घटनेवर एकाच प्रकारचे अनेक ट्रिगर असतील तर पोस्टग्रेस त्यांना नावाच्या वर्णानुक्रमे चालवतो, म्हणून क्रम महत्त्वाचा असेल तर नावाच्या सुरुवातीला क्रमांक घाला. नाहीतर कुणी नाव सुधारतो आणि निकाल बदलतो.

---

झटपट_मेमरी

एवढी कसरत करण्यापेक्षा घाईचे ४० टॅग मेमरीतल्या इंजिनमध्ये तपासून पोस्टग्रेसला फक्त इतिहास द्यावा. डिस्कची शेपटीच राहत नाही.

---

उलट_प्राधान्य

डिस्क जाते हे खरं, पण हिशोबात ती ४० आहे आणि वाचनाची वाट २५० होती. आधी मोठा आकडा कापायचा. मेमरीत नेलंत तर दोन नवे प्रश्न येतात: मर्यादा डेटाबेसात बदलली की ती इंजिनमध्ये कधी पोचते, आणि इंजिन पुन्हा सुरू झालं तर ‘चालू’ असलेले अलार्म त्याला कोण सांगतं. घाईचे टॅग ४० चे ४०० झाले, किंवा डेडलाइन ५० मिलिसेकंदांवर आली, तर जरूर न्या. आत्ता नको.

बदल केल्यावर तपासणी अशी करा. पीएलसीतून एका खोट्या टॅगचं मूल्य मर्यादेपलीकडे ढकला आणि स्क्रीनपर्यंतचा वेळ मोजा, एकाच घड्याळावर. वाचनाच्या ठोक्याशी न जुळणाऱ्या, अनियमित अंतराने ढकला, नाहीतर हिशोबातली पहिली ओळ, वाचनाची वाट, कायम तेवढीच येईल आणि वाईट वेळ दिसणारच नाही. हे बॅकअप चालू असताना, रिपोर्ट चालू असताना, चेकपॉइंट हाताने सुरू करून आणि सोबत ३०० अलार्म सोडून करा. सरासरी लिहूच नका. ९९.९वा पर्सेंटाइल, सर्वात मोठा आकडा आणि वर्गवार चुकलेल्या डेडलाइनची संख्या, एवढं पुरे. वर्ग १ मध्ये एक जरी चुकली तरी त्या क्षणाचा लॉक आणि चेकपॉइंटचा लॉग इथे टाका.